शनिवारी 'कासव': सभासदांना सूचना

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या शनिवारी संध्याकाळी ६ वाजता नेहमीच्या सभागृहात सुमित्रा भावे (१९४३–२०२१) यांचा 'कासव' हा चित्रपट दाखवणार आहोत. समाजकार्याच्या अभ्यासातून सुमित्राताई सिनेमाकडे आल्या. वस्तीतल्या बाईचं जगणं पडद्यावर आणणारा 'बाई' हा लघुपट त्यांनी १९८५मध्ये केला, तेव्हा चाळिशी उलटली होती. पटकथा त्या स्वतः लिहीत. दिग्दर्शनात सुनील सुकथनकर सोबत असत. 'देवराई'त स्किझोफ्रेनिया, 'अस्तु'त स्मृतिभ्रंश. पण आजाऱ्याइतकीच त्याच्या भोवतालची माणसं त्यांनी जीव लावून लिहिली, आणि मला तेच फार मोठं वाटतं. 'कासव'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक, म्हणजे सुवर्णकमळ मिळालं. नैराश्यात खचलेल्या तरुणाला त्यातली नायिका जानकी फार प्रश्न न विचारता घरात राहू देते, ते प्रसंग जरूर नीट पाहा. नंतर चर्चा आहे, थांबा. कृपया पावणेसहापर्यंत या.