हादग्याच्या दोन हत्तींसाठी, कोल्हापूरच्या काकूंना

प्रिय काकू,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही कोल्हापूरला सुखरूप पोहोचल्याचं तुमच्या लेकीकडून कळलं. निघायच्या गडबडीत आपलं बोलणं राहूनच गेलं. आणि आमच्या मराठी शाळेतल्या चौदा मुलांच्या आईबाबांनाही तुम्ही काय केलंत ते कळायला हवं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

यंदा, २०२३ साली, अधिक श्रावणामुळे नवरात्र १५ ऑक्टोबरला बसलं. मिशिगनमधले मेपल तेव्हा ऐन रंगात होते. गळलेली पानं गोळा करायची, प्रत्येकाने आपापल्या कागदावर चिकटवायची आणि घरी न्यायची, एवढाच माझा बेत होता. तुम्ही नातवाला सोडायला आलात आणि विचारलंत, "हादगा नाही का बसवत?" मी भोंडला म्हणणारी, नागपूरच्या ताई भुलाबाई म्हणणाऱ्या. मुलं आमच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तुम्ही खाली सतरंजीवर बसून त्यांना हस्त नक्षत्राचा पाऊस सांगितलात आणि भिंतीवर लावायचं ते चित्रही. समोरासमोर दोन हत्ती आणि दोघांच्या सोंडेत एकच माळ. तिथेच चौदा कागदांचा एक कागद झाला.

पानांचं काम इतकं चिकाटीचं असतं हे मला माहीत नव्हतं. ताजी पानं चिकटवली की दोन दिवसांत वळतात. वर्तमानपत्रात घालून, वर जाड पुस्तकं ठेवून, रोज कागद बदलायचा हे तुम्ही प्रत्येक मुलाला घरचा अभ्यास म्हणून दिलंत. बाजारातल्या गोंदाच्या कांडीने पानं धरेनात, तेव्हा तुम्ही लेकीच्या स्वयंपाकघरात मैद्याची खळ शिजवून डबाभर घेऊन आलात. देठ जाड असले तर कापा, नाहीतर पान उचलतं, हेही तुम्हीच दाखवलंत. ओकची तपकिरी पानं अंगाला, शुगर मेपलची लाल-केशरी झुलीला, बर्चची पिवळी माळेला.

आठ वर्षांचा एक मुलगा तुम्हाला अर्ध्या मराठीत समजावत होता की पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरवा गेला की दिसतो, आणि लाल मात्र शरदात नव्याने तयार होतो. तुम्ही हातातलं काम थांबवून ऐकलंत आणि विचारलंत, "मग आमच्या दारातल्या बदामाचं पान गळायच्या आधी लाल होतं, तेही असंच का रे?" त्याला उत्तर येत नव्हतं. पुढच्या रविवारी तो ते शोधून आला. घरून मराठीत लिहून आणलेलं हे त्याचं पहिलं पान. मी ते जपून ठेवलं आहे.

आणि ती सोंडेची गोष्ट. सात-सात मुलांचे दोन गट, दोन हत्ती. कागद जोडले तर डावा हत्ती उजव्यापेक्षा वीतभर ठेंगणा. माळ कुणाच्या सोंडेत किती वर, यावरून भांडण पेटलं, एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मोठा हत्ती काढून पुन्हा लावायला निघाले होते. तुम्ही माझा हात धरलात आणि मुलांनाच विचारलंत, "ठेंगण्याला उंच कसं करायचं?" वर्गात कधी न बोलणारी मुलगी म्हणाली, "त्याच्या पायाखाली डोंगर करू." मग उरलेली सगळी ओकची पानं, त्यात दोन्ही गटांचे हात. डोंगराला नाव काय द्यायचं म्हटल्यावर तुम्ही पन्हाळा सांगितलंत, आणि गच्चीवरून तो कसा दिसतो हे सांगताना तुमचा आवाज जरा बदलला. मुलांच्या लक्षात आलं होतं, काकू. घरी जाताना दोघांनी मला विचारलं, आजींना घरची आठवण येते का?

फेराच्या दिवशीची गाणी आणि खिरापत सगळ्यांनी पाहिलीच आहे. मला मात्र आठवतं ते आधीचे तीन रविवार, तुमचे दुखणारे गुडघे आणि तरीही सतरंजीवरची बैठक.

हत्ती अजून वाचनालयाच्या तळघरातल्या भिंतीवर आहेत. झुलीचा लाल थोडा उतरला आहे, पण एकही पान सुटलेलं नाही. सोबतच्या पाकिटात चौदा पानं आहेत, प्रत्येकावर एकेकाचं नाव देवनागरीत. काहींची वेलांटी चुकली आहे, मी दुरुस्त केली नाही.

पुढच्या वर्षी खळ मी करणार आहे. वाटीभर मैद्याला पाणी किती आणि ते थंड घालायचं की कोमट, एवढं फोनवर नक्की सांगा.

तुमची,
रविवारच्या मराठी शाळेची बाई