'जागतिक संकेत कमकुवत' एवढं लिहून भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दर सोमवारचा जागतिक बाजारांचा आढावा मी न चुकता वाचतो, पण इंडेक्स किती चढला किती पडला याच्यापुढे गाडी जातच नाही आणि कारण म्हणून ठरलेली ओळ, 'जागतिक संकेत कमकुवत' नाहीतर 'नफावसुली' (भाव चढल्यावर शेअर विकून नफा पदरात पाडणं). अहो पण कुठले संकेत?

५ ऑगस्ट २०२४ चा सोमवार आठवा. सेन्सेक्स एका दिवसात २,२०० च्या वर पॉइंट पडला आणि आपल्याकडे तसं काही घडलंच नव्हतं. खरी गडबड टोकियोत होती. जपानमध्ये वर्षानुवर्षं व्याजदर शून्याच्या आसपास, मार्च २०२४ पर्यंत तर शून्याच्याही खाली, म्हणून मोठे मोठे फंड येनमध्ये स्वस्त कर्ज उचलायचे, ते डॉलरमध्ये बदलून अमेरिकन शेअर्समध्ये किंवा जिथे जास्त मिळेल तिथे लावायचे, हाच तो कॅरी ट्रेड. ३१ जुलैला बँक ऑफ जपानने, म्हणजे तिथल्या रिझर्व्ह बँकेने, व्याजदर वाढवून ०.२५ टक्के केला, दोन दिवसांनी अमेरिकेत बेरोजगारी ४.३ टक्क्यांवर गेल्याचा आकडा आला, म्हणजे तिथले व्याजदर आता उतरणार असं वाटू लागलं, येन झपाट्याने महाग झाला आणि ज्यांनी येन उधार घेतले होते त्यांचं कर्ज बसल्या जागी फुगलं, मग काय, मिळेल त्या भावात शेअर विका आणि येन परत करा. जपानचा शेअर इंडेक्स निक्केई त्या दिवशी १२.४ टक्के पडला, १९८७ नंतर एका दिवसात इतका कधीच पडला नव्हता, आणि दुसऱ्याच दिवशी १० टक्के वर! ७ तारखेला बँक ऑफ जपानचे डेप्युटी गव्हर्नर उचिदा म्हणाले की बाजार अस्थिर असताना दर वाढवणार नाही, तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

हे चार ओळीत सांगता येतं ना? त्या ऑगस्टमध्ये देशात एसआयपीतून, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा भरायच्या हप्त्यांतून, २३ हजार कोटींच्या वर पैसे आले, नोकरदार माणसांचे, आणि अशा दिवशी कारणच कळलं नाही की माणूस घाबरून एसआयपी बंद करतो. मला याचं फार वाईट वाटतं.

म्हणून विनंती, इंडेक्सच्या तक्त्याशेजारी डॉलर-येनचा भाव, अमेरिकेच्या १० वर्षांच्या सरकारी बॉन्डचं यील्ड (परतावा), ब्रेंट क्रूड म्हणजे कच्च्या तेलाचा भाव आणि एफआयआयची (परदेशी गुंतवणूक संस्थांची) खरेदी-विक्री द्या. बँक ऑफ जपानच्या बैठका वर्षातून ८ होतात आणि तारखा आधीच जाहीर असतात, अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, फेडच्या, छापता तशा त्याही छापा.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे