सिंगापुरातील अनोळखी स्नेह्यांचे आभार

सिंगापूरच्या सहलीत ज्यांनी आपले नावही न सांगता मदत केली, त्या सर्वांचे आम्ही जळगाव जिल्ह्यातील कृषी विद्यार्थी मनःपूर्वक आभार मानतो. १८५९ साली स्थापन झालेल्या तेथील वनस्पती उद्यानात, झाडाला न मारता रबराचा चीक काढण्याची पद्धत उद्यानाचे तेव्हाचे संचालक हेन्री रिडले यांनी विकसित केली, हे ज्या माळीकाकांनी हातातले काम थांबवून समजावले, त्यांचे ऋण विशेष आहे. केळीच्या बागांत वाढलेल्या आम्हांला ती माहिती फार मोलाची वाटली. लिटल इंडिया या भागातील टेक्का सेंटर या बाजारात एका ताईंनी आमच्यातील शाकाहारी मुलांसाठी तवा पुन्हा घासून डोसे घातले, आणि भरिताची आठवण काढणाऱ्या मैत्रिणीला वांग्याची भाजी आग्रहाने वाढली. मेट्रो स्थानकापर्यंत सोबत चालत आलेल्या आजोबांनाही आमचा नमस्कार.