अकरा नंबरच्या काकूंना जाहीर थँक्यू

प्रिय काकू,

तुम्ही मोबाईलवर गुड मॉर्निंगचे फोटो सोडून काही बघत नाही हे मला माहितीये, म्हणून हे लिहून झालं की तुमचा मुलगा तुम्हाला वाचून दाखवणारे, तसं ठरलंय आमचं. तोंडावर थँक्यू बोलले की तुम्ही "गप गो, शेजाऱ्यात कसलं थँक्यू" करून विषय बदलता आणि वर हातावर खाजं ठेवता. आता सगळ्यांसमोर लिहिते, बघू कुठे पळता ते.

बाकीच्यांना आधी थोडं सांगायला पाहिजे. आम्ही लालबागला चाळीत राहतो. आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि केईएममधून घरी आणलं तेव्हा उजवी बाजू गेलेली आणि बोलणं पण. म्हणजे आवाज निघतो पण पाहिजे तो शब्द येत नाही, चहा हवा असला तरी "गेट, गेट" करतात, कारण अर्धं आयुष्य गिरणीच्या गेटमधून आत-बाहेर करण्यात गेलं आणि 1982 च्या संपानंतर दुसऱ्याच कुणाच्या तरी गेटवर वॉचमन म्हणून उभे राहिले. तर अशा माणसाला एकटं ठेवता येत नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची नाहीतर पाठीला बेडसोअर होतो, भरवताना पूर्ण बसवायचं, घास छोटा, घाई नाही, जेवण झालं तरी अर्धा तास उशा लावून बसवूनच ठेवायचं कारण पडल्या पडल्या ठसका लागला की अन्न छातीत जायची भीती. डायपर, गोळ्या, फिजिओचे व्यायाम हे वेगळंच. गिरण्या बंद पडल्या पण आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत तीन पाळ्या चालू, आई फर्स्ट, मी सेकंड, बाबा नाईट. नर्सिंग ब्युरोची बाई ठेवून बघितली, परवडलं नाही, विषय संपला.

त्यामुळे आमचं बाहेर जाणं नेहमी अर्धं अर्धं. लग्नाला बाबा आणि भाऊ, बारशाला आई आणि मी. चौघांचा एकत्र फोटो म्हणजे कुणीतरी घरी येऊन काढलेला. कॉलेजात सोमवारी मुली सांगायच्या की काल फॅमिलीसोबत मूव्हीला गेलेलो, मम्मी झोपली, पप्पा पॉपकॉर्नच्या किमतीवरून भांडले, आणि मी ऐकून हसायचे. माझं स्वतःचं ठीक होतं हो, करी रोडला स्लो पकडायची (फास्ट थांबतच नाही तर दुसरं काय पकडणार), माटुंग्याला उतरायचं, लेक्चर, कटिंग, डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव येणार नाही एवढी अटेंडन्स ठेवायची आणि मधेच कधी मैत्रिणींसोबत मॅटिनी. पण आईचं थेटर म्हणजे रात्री भांडी झाल्यावर मोबाईलवर रील्स.

आणि मग तुम्ही. "काही लागलं तर सांगा" बोलणारे खूप भेटले, चांगले लोक आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण तुम्ही तसं काही बोललातच नाही. संध्याकाळी फॉल-बिडिंगची पिशवी घेऊन यायचात, आजोबांच्या कॉटजवळ बसून साडीला फॉल लावायचात आणि आई काय काय करते ते नुसतं बघायचात. आम्हाला वाटलं गप्पा मारायला येतायत. मग एकदा आईला बाजूला करून बोललात की आता मी करते, आणि घडी केलेली चादर आजोबांच्या खाली सरकवून, गुडघा दुमडून, आपल्याकडे ओढून अशी मस्त कूस बदललीत की फिजिओ पण बघत राहिला असता. म्हणजे तुम्ही इतके दिवस ट्रेनिंग घेत होतात! मग सरळ विचारलंत, "येत्या रविवारी चौघं कितीला निघताय?" आई नाही नाही करत राहिली तर तुमचं उत्तर, "फॉल माझ्या खोलीत लावले काय नि हयसर लावले काय, सुई तीच."

तर पहिल्यांदा घारापुरी. रविवारी सेंट्रलला मेगाब्लॉक म्हणजे ठरलेलाच, त्यामुळे बसने गेलो. बाबांचं अख्खं आयुष्य मुंबईत गेलं पण गेटवेवरून लाँचमध्ये कधी बसले नव्हते. (लोक सोमवारी जातात आणि लेणी बंद बघून परत येतात, तेवढं कुणी जाणार असाल तर लक्षात ठेवा.) लाँचला तासभर लागला, बाबा पूर्ण वेळ उभे. मग त्या शंभरावर पायऱ्या, आई प्रत्येक स्टॉलवर थांबणार, घेणार काही नाही, भाव मात्र सगळ्यांचा करणार. आत त्रिमूर्तीसमोर उभं राहिल्यावर ती वीस फुटांची मूर्ती बघून माझा भाऊ, जो एरवी फोनमधून डोकं वर काढत नाही, तो पण गप्प झाला. आई तर दर पंधरा मिनिटांनी तुम्हाला फोन करत होती. तिसऱ्या का चौथ्या फोनला तुम्ही ओरडलात, "जिवंत आहेत दोघं पण, लेणी बघ!" आणि ठेवून दिलात. त्यानंतर आईने खरंच फोन पर्समध्ये टाकला.

आता जे सांगायचंय ते रात्रीचं. घरी आल्यावर तुम्ही हलायचं नाव घेईना, आधी सगळं सांग बोललात. मी सांगत बसले आणि आजोबा एकदम "बाग, बाग" करायला लागले. आम्हाला वाटलं पाणी पाहिजे, कूस बदलायचीये, काहीतरी दुखतंय. तुम्ही मात्र सुई बाजूला ठेवून बोललात, "अगो ते हत्तीचं विचारतायत. घारापुरीचा हत्ती. तो राणीच्या बागेत असतो ना." आणि आजोबांनी डाव्या हाताने कॉटवर थाप मारली. मी नंतर वाचलं तर खरंच तसंच, पोर्तुगीजांना बेटावर दगडाचा मोठा हत्ती दिसला म्हणून नाव एलिफंटा पडलं, 1864 ला इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले तर उचलताना तुटला, मग त्याचे तुकडे जोडून तो आता राणीच्या बागेत भाऊ दाजी लाड म्युझियमच्या बाहेर उभा आहे. राणीबाग आमच्यापासून कितीशी लांब, लहानपणापासून त्या हत्तीला पाठ टेकून आईस्क्रीम खाल्लंय मी, पण तो तिकडून आलाय हे माझ्या टाळक्यात कधी शिरलं नव्हतं. आजोबांना माहीत होतं. त्यांच्या डोक्यात सगळं तसंच्या तसं आहे, फक्त बाहेर यायची वाट अडलीये, हे डॉक्टर बोललेले पण मला त्या रात्री पटलं, तुमच्यामुळे.

तेव्हापासून आमचा नियमच झाला, बाहेर जाऊन आलं की रिपोर्टिंग. पेंग्विन बघून आलो तर ते चालतात कसे ते भावाने खोलीत चालून दाखवलं. आणि सिनेमा असला तर अख्खी स्टोरी, तुमची फी तीच, पैसे तर सोडाच पण तुम्ही साधा वडापाव पण घेत नाही. भारतमाता थेटरला मराठी सिनेमा लागला की आम्ही चौघं चालत जातो, कधी दादरला प्लाझाला. मल्टिप्लेक्सवाल्यांनी मराठीला सकाळी नऊचा नाहीतर रात्री उशिराचा शो दिला की बाबा तिथेच उभं राहून भाषण देतात, ते ऐकणं पण आमच्या आऊटिंगमध्येच धरा. थेटरात आई रडते, बाबा रडत नाही असं दाखवतात, आणि मी मनात पाठ करत असते, कारण घरी आल्यावर तुम्ही विचारणार की मोठ्या जावेने कुठल्या रंगाची साडी नेसलेली आणि मग तो तिला आधी का नाही बोलला. इंटरव्हल पण पाहिजे असतो तुम्हाला! अर्ध्यावर मला थांबवून चहा टाकायला लावता, आजोबांना चमच्याने देता आणि मग "हां, आता पुढे." व्हिलन मेला की आजोबा डाव्या हाताने थाप मारतात. प्रेझेंटेशनला क्लाससमोर माझी तंतरायची, आता अजिबात नाही, तुमच्याएवढी खडूस ऑडियन्स कॉलेजात कुठे भेटणार.

अजून एक, आई तुम्हाला कधीच सांगणार नाही म्हणून मी सांगते. तिने मध्ये स्वतःसाठी साडी घेतली. घरात नेसायची नाही, "बाहेर जायची" साडी. फॉल तुम्हीच लावलाय तिला पण तुम्हाला वाटलं कुणा गिऱ्हाईकाची आहे, कारण आईने तसंच खोटं सांगितलेलं, तुम्ही लावणावळ घेणार नाही म्हणून.

तर काकू, आता नीट ऐका. या रविवारी भारतमाताची दोन तिकिटं काढलीयेत, दुपारचा शो, तुमचं आणि आईचं. आजोबांजवळ मी आहे, बाबा पण आहेत, चादर कशी ओढायची ते तुम्हीच शिकवलंय त्यामुळे कारण देऊ नका. फॉलची पिशवी घरी ठेवायची, चष्मा आणि शाल घ्यायची, एसी फार असतो. आईला दर पंधरा मिनिटांनी फोन करू देऊ नका. आणि स्टोरी नीट लक्षात ठेवा, साडीच्या रंगासकट, कारण यावेळी सांगायचं तुम्हाला आहे आणि इंटरव्हलचा चहा मी टाकणार आहे.

तुमची,
दहा नंबरमधली मोठी