न्हाणीतला उंबरा मी आल्यावरच फोडूया

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "स्वस्तातलं ब्रेकर मशीन मिळतंय, घेतो आणि न्हाणीतला उंबरा मीच काढतो." तेव्हापासून मनात तेच घोळतंय. उंबरा काढायलाच हवा. आई गेल्या पावसाळ्यात त्याला ठेचकाळून पडली, मनगट प्लास्टरमध्ये गेलं, तरी "मीच नीट बघितलं नाही" म्हणत राहिली. आई, तुझी काही चूक नव्हती गं. चार इंचांचा उंबरा रात्री झोपेतून उठलेल्या माणसाला कसा दिसणार?

पण बाबा, मशीन घेऊ नका. माझ्याकडे आहे. इथे नाशिकला मागच्या अंगणातला कोबा फोडायला मी ते घेतलं. पाच-सहा किलोचं, साधंच. घरच्या कामाला ते पुरतं, हे मी वापरून सांगते. पंधरा-सोळा किलोचं मोठं ब्रेकर आपल्या न्हाणीत नकोच, त्याच्या दणक्याने आजूबाजूच्या फरश्याही निखळतील.

पहिल्या दिवशी मी एकाच जागी जोर लावत राहिले आणि छन्नी कोब्यात रुतून बसली. उपसून काढताना खांदा भरून आला, आठवडाभर दुखत होता. नंतर हात बसला. कडेपासून सुरुवात करायची, छन्नी तिरकी धरायची, दोन-तीन इंचांचाच तुकडा पाडायचा आणि लगेच जागा बदलायची. मशीनच्या वजनानेच काम होतं, वरून दाबायचं नाही. आणि रुतलेल्या छन्नीने पहारीसारखं उचकटायचं तर मुळीच नाही. स्वस्त मशीन लवकर तापतं, म्हणून दहा मिनिटं चालवून मी ते गार होऊ देते. छन्नीच्या दांड्याला प्रत्येक वेळी ग्रीस लावते.

बाबा, तुमच्या हातातली ताकद मला माहीत आहे. पण हे मशीन मनगटापासून मानेपर्यंत सगळं हादरवतं, आणि तुमच्या मानेला डॉक्टरांनी पट्टा दिलाय. म्हणून चालवणार मी. तुम्ही शेजारी उभे राहून सांगायचं.

उंबऱ्याभोवती आधी कटरने रेघ कापून घेऊ, म्हणजे तडा पॅसेजच्या फरशीत जाणार नाही. उंबरा गेला की पाणी बाहेर येईल ही आईची शंका बरोबर आहे. उतार जाळीकडे फुटामागे निदान एक सूत (इंचाचा आठवा भाग) तरी हवा. कमी असला तर गवंड्याकडून दाराजवळचा भाग नव्याने करून घेऊ. नवं काम पक्कं होईपर्यंत चार-पाच दिवस आंघोळ मागच्या मोरीवर करावी लागेल, तेवढी तयारी ठेवा.

विजेचं मी तुम्हा दोघांना बजावून सांगते. हे मशीन 1300 वॅटचं आहे, म्हणजे साडेपाच अँपिअरच्या वर ओढतं. पॅसेजमधला प्लग 6 अँपिअरचा, आणि वायरिंग घर बांधलं तेव्हाचं. गिझरच्या 16 अँपिअरच्या प्लगवरच लावू, आणि त्याआधी वायरमनकडून 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज कुठे गळली की लगेच पुरवठा तोडणारं उपकरण, बसवून घेऊ. ओल्या न्हाणीत त्याशिवाय मी मशीनला हात लावणार नाही. न्हाणी आदल्या रात्रीपासून कोरडी ठेवा. धूळ फार बारीक असते, छातीत बसते. आई, तू त्या दिवशी सकाळीच मावशीकडे जा. बाबांसाठी एन-95 मास्क आणि कानाला लावायचे मफ मी आणतेय.

आई, देवघराच्या भिंतीत तुला कोनाडा हवाय ना? ती भिंत साडेचार इंची आहे, ब्रेकरने तिचे सांधे ढिले होतील. तो हातोडा-छन्नीने हळूहळू करू. आधी गवंड्याला भिंत दाखवू, मगच.

बाबा, एक काम मात्र तुमच्याशिवाय कुणालाच जमणार नाही. घर बांधताना तुम्ही रोज तिथे उभे होतात. न्हाणीत येणारी पाण्याची पाइपलाइन उंबऱ्याखालून गेलीय की भिंतीतून, हे तुम्हालाच ठाऊक. आठवेल तशी खडूने रेघ मारून ठेवा आणि फोटो पाठवा. मी धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी येते. तोवर न्हाणीबाहेरचा दिवा रात्रभर चालू राहू दे, बिलाचा विचार करू नका.

तुमची,
ताई