आमचं घर न पाडणाऱ्या मेस्त्रीकाकांना

प्रिय मेस्त्रीकाका,

सादर नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात न देता सगळ्यांसमोर ठेवते आहे, त्याला कारण आहे. सावंतवाडीपासून देवगडपर्यंत कितीतरी घरं आज कुलूप लावून उभी आहेत. माणसं मुंबई-ठाण्याला, कौलं सरकलेली, वाशांना वाळवी. मे महिन्यात चाकरमानी गावी आले की पडवीत बसून एकच चर्चा होते, पाडायचं की ठेवायचं. अशा घरांना तुमच्यासारखा माणूस मिळावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते चारचौघांत सांगते.

मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा मागच्या पाख्यावर, म्हणजे छपराच्या मागच्या उतारावर, आंब्याची फांदी पडली आणि पुढची कौलं वाऱ्याने उचलली. काकी घरात एकटी, आम्ही लॉकडाऊनमुळे ठाण्यात अडकलेलो. दुसऱ्या दिवशी कुणी बोलवायच्या आत तुम्ही शिडी घेऊन आलात, ताडपत्री बांधलीत आणि मला फोन केलात. "बाय, काळजी करू नको. ह्या घर पावसाळो काढतला." त्या वर्षीचा गणपती ताडपत्रीखालीच बसला, पण बसला.

पावसानंतर जे जे कोणी घर बघायला आले त्यांनी एकच सल्ला दिला. जांभ्याचं जुनं घर, त्यात पैसे घालण्यापेक्षा पाडा आणि स्लॅब टाका. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. माकडं कौलं फोडतात, दर वर्षी घर शाकारायला माणसं मिळत नाहीत, हे गावात सगळ्यांनाच ठाऊक आहे. स्लॅबचं काम तुम्हीही घेऊ शकला असता, आणि त्यात तुम्हाला पैसे नक्कीच जास्त सुटले असते. तुम्ही मात्र आधी पटाशी आणि हातोडी घेऊन घरभर फिरलात. एकेका खांबावर हातोडीच्या दांड्याने ठोकायचं, कान द्यायचा, शंका आली तिथे पटाशीचं टोक दाबून बघायचं. माजघराचे फणसाचे खांब खणखणीत वाजले. मागच्या पडवीचा कोपऱ्यातला खांब बुंध्याशी भद वाजला आणि पटाशी बोटभर आत गेली. आइनाची तुळई शाबूत होती, वासे निम्मेअधिक गेले होते, कौलांखालच्या रिपा तर सगळ्याच. ते सगळं तुम्ही शाळेच्या वहीत लिहून काढलंत आणि मग म्हणालात, "खांब नि तुळयो बऱ्यो आसत. पाडूचा कित्याक?"

ठेका न घेता रोजावर काम करायचं, हेही तुम्हीच सुचवलंत. जुनं घर उघडल्याशिवाय आत काय निघेल ते सांगता येत नाही. आकडा आधी ठरवला तर एक तर तुम्ही बुडणार, नाहीतर कामात कुठेतरी हात आखडता घ्यावा लागणार. इतकं सरळ बोलणारा माणूस मी या धंद्यात दुसरा पाहिला नाही. रोज संध्याकाळी त्या वहीत हजेरी, चुन्याच्या गोणी, खिळ्यांचं वजन, सगळं टिपलेलं असायचं आणि फोटो काढून मला पाठवायला तुम्ही पोराला सांगायचात.

भिंतींचं काम मी आयुष्यभर विसरणार नाही. माजघराच्या भिंतीला कंबरेपर्यंत ओल होती, रंग लावला की पोपडे सुटायचे. वॉटरप्रूफिंगचं महागडं रसायन मारा, असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. तुम्ही भिंतीकडे न बघता आधी घराबाहेर गेलात. इतक्या वर्षांत खळ्यात, म्हणजे अंगणात, भर पडत पडत जमीन जोत्याच्या वर आली होती आणि पागोळ्यांचं पाणी थेट भिंतीच्या पायाशी मुरत होतं. "पाण्याक वाट नाय म्हणान भिंत रडता. आधी वाट करून देवया, मगे भिंतीचा बघूया." म्हणून आधी माती उपसली, जोतं मोकळं केलं, बाहेरच्या बाजूला उतार काढून चर खणला. त्यानंतर खालचा सिमेंटचा गिलावा फोडून काढलात. कधीतरी मधल्या काळात घर पक्कं दिसावं म्हणून तो चढवलेला. जांभा हा छिद्राछिद्रांचा दगड, पाणी पितो आणि ऊन-वारा लागला की सोडून देतो. वर सिमेंट बसलं की आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला जागाच राहत नाही आणि मग ते आतल्या बाजूने फुटतं. हे मला तुम्ही भिंतीवर माझा हात टेकवून समजावलंत. उघड्या केलेल्या भागाला थोड्याच दिवसांत वेगळा, कोरडा स्पर्श येऊ लागला होता.

चुन्याचा गिलावा करायचा ठरला तेव्हा चुना मळणारा माणूस सापडेना. शेजारच्या गावातल्या म्हाताऱ्या गवंड्याला तुम्ही गाडीवर मागे बसवून घेऊन आलात. त्यांना ओणवं होता येत नव्हतं. ते खुर्चीवर बसून सांगायचे आणि तुमची पोरं करायची. कळीचा चुना पिंपातल्या पाण्यात पडला की पाणी उकळायला लागतं, ते बघायला अख्खी वाडी जमली होती. विरवलेला चुना आठवडेच्या आठवडे पाण्याखाली ठेवला, मग चाळून नदीच्या धुतलेल्या वाळूत मळला, पातळ थर दिला, तो सुकू दिला, पुन्हा दिला. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत सावकाश घट्ट होतो, त्याला घाई चालत नाही. तुम्हीही घाई केली नाहीत. आम्ही ठाण्याहून फोन करकरून विचारत राहिलो, तरी तुमचा आवाज एकदासुद्धा चढला नाही.

आणि कौलं. एकेक कौल उतरवून, बोटाने टिचकी मारून, आवाज बघून तुम्ही तडा गेलेली बाजूला काढलीत. उरलेल्यांच्या पाठीवर 'बासेल मिशन'चा ठसा होता. जर्मन-स्विस मिशनऱ्यांनी 1865 साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, त्या घराण्यातली ही कौलं, आपल्या पणजोबांच्या वेळी गलबतातून आली असावीत असं तुम्ही म्हणालात. एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही, म्हणून जुनी सगळी पुढच्या पाख्यावर आणि नवी मागच्यावर, असा हिशेब तुम्ही लावलात. एका ब्रासला, म्हणजे शंभर चौरस फुटांना, साधारण दीडशे कौलं लागतात. एवढा डोंगर हाताने निवडायचा म्हणजे काय काम असेल, ते उन्हात बसून बघणाऱ्यालाच कळेल. नव्या वाशा-रिपांना काजूच्या टरफलाचं तेल चोळलंत. आठवडाभर त्या वासाने डोकं धरायचं, पण वाळवीने अजून तिकडे तोंड वळवलेलं नाही.

तुम्ही जुन्याचे भक्त नव्हतात, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. मागच्या स्वयंपाकघराचं छप्पर वाचण्यासारखं नव्हतं, तिथे लोखंडी पाइप आणि वर कौलं हे तुम्हीच ठरवलंत. संडास-बाथरूमला सिमेंटच हवं, तिथे चुन्याचा हट्ट नको, असं म्हणालात. सेप्टिक टँक विहिरीपासून लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला घेतलीत, त्यासाठी पाइप बराच जास्त लागला तरी. वायरिंगसाठी भिंतीत खाचा मारू दिल्या नाहीत. पाइप तुळईच्या कडेने फिरवून घेतले, आज ते शोधल्याशिवाय दिसत नाहीत. पावसात वीज गेली की आता इन्व्हर्टर चालू होतो, आणि मी चार-चार आठवडे गावी राहून लॅपटॉपवर ऑफिसचं काम करते. जुन्या घरात राहायचं म्हणजे गैरसोय सोसायची, असं आमच्या मुलांना आता वाटत नाही.

पण सगळ्यात मोठे आभार मानायचे आहेत ते काकीसाठी. आम्ही नकाशे काढत होतो, टाइल्सचे रंग निवडत होतो. काकीला काय हवं ते विचारलंत फक्त तुम्ही. रात्री पावसात कंदील घेऊन परसातल्या संडासाकडे जायला तिला भीती वाटते आणि गुडघे साथ देत नाहीत, हे तिने आम्हाला कधी सांगितलं नव्हतं, तुम्हाला सांगितलं. म्हणून बाथरूम तिच्या खोलीला लागून झालं, त्याला उंबरा नाही, भिंतीला धरायला दांडा आहे. ओट्याची उंची तिला उभं करून, तिचा कोपर बघून ठरवलीत. तांदूळ निवडायला कुठे बसतेस, असं तिला विचारलंत आणि बरोबर त्या जागेच्या वर दोन काचेची कौलं घातलीत. सकाळी नऊनंतर तिच्या सुपात ऊन उतरतं. ती आल्यागेल्याला आधी ते दाखवते, नवा गॅस आणि फ्रिज नंतर.

भाऊबंदांचं तर विचारूच नका. घरपट्टी अजून आजोबांच्या नावावर, हिस्सेदार मुंबई-पुण्यात पांगलेले, एकाची सही असली तर दुसऱ्याची नाही. तुम्ही खळ्यात सगळ्यांना बसवून दोरी धरून दाखवलंत की प्रत्येक कुटुंबाला एक खोली निघते आणि गणपतीची भिंत, माजघर, पडवी सगळ्यांची राहते. वकिलाच्या कागदाने जे झालं नसतं ते तुमच्या त्या दोरीने झालं. 31 ऑगस्ट 2022 ला चतुर्थी होती. गणपतीच्या वरची फळाफुलांची माटवी बांधायला तुम्ही स्वतः वर चढलात, आणि बऱ्याच वर्षांनी सगळी चुलत भावंडं एका पंगतीला बसली.

काका, पैशांचा हिशेब वहीत मिटला आहे, बाकीचा मिटणारा नाही. तुमच्या हाताखालच्या पोरांना, चुना मळणाऱ्या बायांना आणि खुर्चीवर बसून शिकवणाऱ्या त्या आजोबांना आमचा नमस्कार सांगा.

आणि एक काम आहे. मांगराचं, म्हणजे बागेतल्या खोपीचं, छप्पर या पावसाने खाली बसलंय. भातकापणी झाली की हात लावायचा का? काकी म्हणते, मेस्त्री येऊन ठोकून बघेपर्यंत एक चिरासुद्धा कुणी हलवायचा नाही. तुम्हाला कधी जमेल ते कळवा, मी त्या बेताने रजा टाकते.

तुमची,
वरच्या घरातली बाय