पांदण आहे, पाटी नाही

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

नागपूरच्या महाल भागात माझे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. वडिलांनी टाकलेले. पूर्वी शाळेच्या पोरांच्या आणि दूधवाल्यांच्या सायकली यायच्या, आता सोमवारी सकाळी शटर वर केले की दोन-चार महागड्या माउंटन बाइक दाराशी टेकलेल्या असतात. रविवारी पोरे झिल्पी तलावाकडे, नाहीतर हिंगणा तालुक्यात कुठे-कुठे फिरून येतात. "काका, गिअर पडत नाही." गिअरचा काही दोष नसतो. चेनमध्ये काळ्या मातीचा गोळा आणि गोळ्यात पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, काडी. ती काडी मी पेचकसाने उकरून काढत असतो तेव्हा ठरलेले वाक्य येते, "आपल्याकडे ट्रेलच नाहीत ना काका. फ्रान्समधले व्हिडिओ बघा एकदा."

ट्रेल म्हणजे रानातली सायकलवाट. हे वाक्य मी पुष्कळ वर्षे ऐकून घेतले. गेल्या सप्टेंबरात फ्रान्स प्रत्यक्ष पाहून आलो, म्हणून हे पत्र.

माझी मुलगी क्लेर्माँ-फेराँ या गावी नोकरीला आहे. तिच्याकडे पाच आठवडे होतो. सायकलवाल्यासाठी हे गाव म्हणजे पंढरपूर, हे मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हते. मिशेलिन भावांचा टायरचा कारखाना इथलाच. 1889 साली एक सायकलस्वार पंक्चर टायर घेऊन त्यांच्या दारात आला. तेव्हा टायर रिमला चिकटवलेला असायचा. काढायला, जोडायला तीन तास गेले, वर रात्रभर वाळत ठेवावा लागला, आणि सकाळी थोडे अंतर जाताच पुन्हा बसला. त्यावरून धाकट्या भावाच्या डोक्यात आले की गिऱ्हाइकाला स्वतः काढता-घालता येईल असा टायर पाहिजे. 1891 साली तो निघाला आणि त्याच वर्षी पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत, अशी सुमारे 1200 किलोमीटरची शर्यत त्याच टायरवर जिंकली गेली. आयुष्यभर घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे पाहणारा मी, हे ऐकून जरा वेळ गप्पच बसलो.

तर मुलीने दोन सायकली भाड्याने आणल्या. तिथे माउंटन बाइकला 'व्हेतेते' म्हणतात. मी सवयीने आधी चाक फिरवून पाहिले, आऊट, म्हणजे वाकडे, आहे का. नव्हते. माझ्या डोक्यात व्हिडिओतल्या उड्या, कडे, पाय मोडलेले तरुण. वय 61. पोटात गोळा आला होता, लपवत नाही.

आणि गावातल्या चर्चच्या मागून रस्ता सुरू झाला तो काय? दोन्हीकडे दगडाचे बुटके बांध, मध्ये दोन चाकोऱ्या, चाकोऱ्यांच्या मधोमध गवत. काटेरी झुडपांना काळी फळे. पुढे ट्रॅक्टर गेल्याच्या खुणा. मी उतरलो आणि मुलीला म्हणालो, "अगं, ही पांदण आहे! आपली शेतात जायची गाडीवाट!"

होतीच. तिकडे त्याला ग्रामीण वाट म्हणतात. मालकी ग्रामपंचायतीसारख्या त्यांच्या संस्थेची, वापर सगळ्यांचा. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर, पायी फिरणारा, घोडेवाला, सायकलवाला. मोटारसायकली आणि जीप मात्र रानात उधळायला 1991 च्या कायद्याने बंदी. व्हिडिओतल्या उड्या वेगळ्या ठिकाणी, आल्प्समधल्या स्की गावांच्या बाइक पार्कमध्ये. बाकी देशभर सायकलवाला ज्याच्यावर फिरतो ते मुख्यतः शेताचे आणि जंगलाचे जुने रस्तेच.

मग त्यांचे वेगळे काय? पाटी. प्रत्येक फाट्यावर लाकडी खुंटाला तळहाताएवढी पाटी, तिच्यावर एक त्रिकोण आणि दोन गोल. फ्रान्सच्या सायकल महासंघाची ती खूण. रंगावरून वाट किती अवघड ते कळते. हिरवी सोपी, मग निळी, लाल, आणि काळी म्हणजे माझ्यासारख्याने परत फिरावे. पायी चालणाऱ्यांच्या लांब वाटांना पांढरा-लाल पट्टा, तो नुसता झाडावर ब्रशने ओढलेला. वळण चुकले तर तेच दोन रंग फुलीसारखे काढलेले, म्हणजे इकडे नको. 50 रुपयांच्या रंगाचे काम! अशाच वाटा जोडत-जोडत आव्हालाँपासून खाली भूमध्य समुद्रावरच्या काप दाग्दपर्यंत सायकलने जाता येते, सुमारे 1400 किलोमीटर. आम्ही त्यातले 18 केले. नंतर दोन दिवस मी जिना उलटा उतरत होतो.

एका कुरणाशी वाटेवर आडवी तार आली, तारेला स्प्रिंगची मूठ. आपल्याकडे रानडुकरांसाठी शेतकरी झटका मशीन लावतात ना, तेच, इथे गाईंसाठी. मुलगी म्हणाली, मूठ धरून काढायची आणि आपण पलीकडे गेलो की परत अडकवायची. मी मुठीऐवजी तार धरली. पुढचे सांगत नाही. पण मागून चार सायकलवाले आले, त्यातला शेवटचा थांबला, मूठ अडकवली, ओढून पाहिली, मगच गेला. बघायला तिथे कोणी नव्हते. गाई होत्या.

एक गोष्ट मात्र आपल्याला त्यांच्यासारखी नाही, ती पोरांनी समजून घ्यावी. क्लेर्माँच्या पश्चिमेला सुमारे 80 निजलेल्या ज्वालामुखींची रांग आहे, 2018 पासून जागतिक वारशात. वाटेवर लाल सच्छिद्र राखेची खडी, आपल्या मुरमासारखी पण हलकी. टायरखाली ती पापडासारखी कुरकुरते. रात्री पाऊस पडून गेला तरी पाणी खाली निघून जाते आणि सकाळी चाक स्वच्छ. आपली जमीनही ज्वालामुखीचीच, पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. दगड झिजून-झिजून त्याची काळी माती झाली, ती पावसात चाक आणि त्याला धरणारा फोर्क यांच्या मध्ये अशी बसते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. म्हणून जून ते दसरा पांदणीत सायकल घालू नये, हे मी दुकानाचा तोटा करून सांगतो. तिकडेही वाटा बाराही महिने सारख्या मोकळ्या नसतात. शिकारीचे दिवस आले की रानाच्या तोंडाशी 'शिकार चालू आहे' असा फलक लागतो. मुलीने मला नारिंगी जाकीट घालायला लावले होते, रस्ता दुरुस्त करणाऱ्यांसारखे.

परत आल्यावर दिवाळीनंतर एका गिऱ्हाइकाबरोबर मीही हिंगण्याच्या पुढे गेलो. गावाचे नाव लिहीत नाही. पोराच्या मोबाइलवर गावनकाशा होता, त्यावर दुहेरी तुटक रेषेने पांदण स्पष्ट दाखवलेली. पहिला दीड किलोमीटर झकास. दोन्हीकडे बाभळी, तुरी फुलावर आलेल्या, एक बंडी, म्हणजे बैलगाडी, समोरून आली तेव्हा आम्ही धुऱ्यावर चढून वाट दिली. मग पांदण अरुंद होत गेली आणि शेवटी कोणाच्या तरी वखरलेल्या वावरात शिरून नाहीशीच झाली. नकाशावर रेषा पुढे जात होती, जमिनीवर चणा होता.

शेजारच्या वावरात एक काका होते. त्यांनी पाणी दिले आणि सुनावलेही. "तुमची पोरं येतात, कुठूनही सायकली घालतात. चण्यातून गेली परवा. विचारलं तर म्हणे गूगलनं दाखवलं." काय उत्तर देणार? काकांना बंडी न्यायला वाट नाही म्हणून त्यांचाच ऊर धपापतो, त्यात आमची पोरे चणा तुडवतात. येताना माझ्या पुढच्या टायरमध्ये बाभळीचे सात काटे निघाले, तो भाग वेगळा.

तेव्हा माझी मागणी. राज्यात शेत-पांदण रस्त्यांसाठी 2021 साली मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आली. पांदण मोजून, मोकळी करून, मुरूम टाकायचा, हा तिचा हेतू शेतकऱ्यासाठी आहे आणि तसाच असावा. सायकलवाल्याला त्याहून एक वीतही जास्त नको. सिमेंट तर अजिबात नको, दिवा नको, सेल्फी पॉइंट नको, उद्घाटनाची कोनशिला नको. जी पांदण शेतकऱ्यासाठी मोकळी होईल तिच्या प्रत्येक फाट्यावर फक्त एक पाटी द्या. इकडून तलाव, इकडून गाव, इकडे वावर आहे जाऊ नये. गोरेवाड्यासारख्या जंगलात वाटा मागणाऱ्यांच्या मी बाजूने नाही. तिथे बिबट्याला राहू द्या, आम्हाला झिल्पीच्या भोवतीचा एक 20 किलोमीटरचा फेरा पुरे. वाटेत दोन गावे येतात, पोरे सकाळी चहा-पोहे तिथेच खातील.

तिकडे सगळे आलबेल आहे असे समजू नका. दुसऱ्या महायुद्धानंतर शेतजमिनी एकत्र केल्या तेव्हा तिथल्याही असंख्य वाटा नांगराखाली गेल्या. उरल्या त्या राखल्या. त्यासाठी जिल्ह्यागणिक वाटांची यादी असते, आणि यादीतली वाट कोणी बुजवली तर तिला पर्याय द्यावा लागतो. अशी यादी आपल्या जिल्हा प्रशासनाने निदान एका तालुक्यापुरती करून पाहावी.

पाट्यांच्या खर्चाचे कारण कोणी सांगू नये. माझ्या माळ्यावर जुन्या सायकलींच्या 40-50 चेनकव्हरांचा पत्रा पडून आहे. कापून, घासून, रंगवून देतो, रंग माझा. दोन गोल आणि त्रिकोण नको असेल तर बंडीचे चाक काढू. कोणती पांदण कुठून कुठे जाते एवढे तलाठ्यांनी लिहून द्यावे. दुकान मंगळवारी बंद असते, त्या दिवशी खुंट ठोकायला मी मोकळा आहे.

आपला,
एक सायकल दुरुस्तीवाला
महाल, नागपूर